पुण्यातले रोजचे सायकलवाले आणि आपण रविवारवाले

बापदेव_चढण

नमस्कार मंडळी.

पुणे ग्रँड टूर होऊन काही महिने झाले, तरी ग्रुपवर अजून तिचेच फोटो येतात, आणि यायलाच हवेत. जानेवारी २०२६ मध्ये १९ ते २३ तारखेला एकूण ४३७ किलोमीटरची, यूसीआयच्या, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, २.२ दर्जाची रेस आपल्या जिल्ह्यात झाली. नवीन सभासदांसाठी सांगतो: त्यातला पहिला दोन म्हणजे टप्प्याटप्प्याची रेस आणि दुसरा दोन म्हणजे तिचा वर्ग. एका दिवसात संपणारी असती तर सुरुवात एकने झाली असती. ज्या रस्त्यांवर आपण दर रविवारी घाम गाळतो, तिथून जगभरातले व्यावसायिक रायडर गेले. त्यासाठी रस्ते नवीन झाले आणि त्यांचा फायदा आज आपण घेतोय.

धागा काढायचं कारण मात्र वेगळं आहे. संध्याकाळी सात-साडेसातला कात्रज-कोंढवा रस्त्यावर किंवा नगर रोडवर दहा मिनिटं कडेला उभे राहा. रात्रपाळीला निघालेले वॉचमन, साइटवरून परतणारे मजूर, हॉटेलात भांडी घासणारी पोरं. काळी बावीस इंची सायकल, हँडलला डब्याची पिशवी, मागे कॅरिअरवर गुंडाळलेलं रेनकोट. दिवा नाही. मडगार्डवरचा लाल काचेचा तुकडा केव्हाच गळून पडलेला, त्या जागी नुसतं भोक. अंगात गडद निळा किंवा खाकी गणवेश. मागून येणाऱ्या डंपरवाल्याला हा माणूस दिसतो तेव्हा ब्रेक दाबायला जागाच उरलेली नसते. ताशी साठने चाललेली गाडी एका सेकंदात जवळपास सतरा मीटर कापते.

आपल्याकडे क्लब आहेत, ग्रुप आहेत, जर्सी आहेत, ओळखीचे डॉक्टर आणि पत्रकार आहेत. या माणसांच्या वतीने बोलायला कोणी नाही, आणि शहरात रोज सायकल चालवणारे खरे तर तेच आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की यंदा पावसाळ्याआधी आपण सगळ्या ग्रुपांनी मिळून त्यांच्या सायकलींना मागचे दिवे लावायचे काम हातात घ्यावं. कसं करायचं, कुठून सुरुवात करायची, यावर बोलूया. विरोध असेल तर तोही मोकळेपणाने लिहा.

खडकीचा_भोंगा

बापदेव, फार चांगला विषय काढलात.

मी खडकीत वाढलो. ॲम्युनिशन फॅक्टरीची पाळी सुटली की सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा आणि पाच-दहा मिनिटं रस्ता ओलांडणं अशक्य व्हायचं. पुढे पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं, मग चिंचवड-आकुर्डीला बाकीचे कारखाने आले, आणि पुण्याहून तिकडे सायकल मारत जाणारे कितीतरी जण आमच्या वाड्यातच होते. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते या कामगारांमुळे, आणि कॉलेजच्या पोरांमुळे.

दिव्याबद्दल सांगायचं तर तेव्हा दिव्याशिवाय सायकल हाकली की पोलिस अडवायचा. आधी रॉकेलची बत्ती, नंतर डायनॅमो. बाटलीसारखा डायनॅमो टायरला टेकवला की पायडल जड व्हायचं, पण पुढे-मागे दोन्हीकडे उजेड पडायचा. कटकट एकच, चौकात थांबलं की दिवा बंद. तरी जो तो लावायचा, कारण सगळेच लावत होते आणि न लावणारा पकडला जात होता. आज सायकलवाल्याला कोणी विचारतच नाही. दंड करत नाही हे बरंच आहे, पण त्याच्याकडे कुणाचं लक्षच नाही, याचं वाईट वाटतं.

गिअर_अकरा

माझा विरोध नोंदवतो. राग मानू नका.

दिवे वाटले की फोटो येतील, बातमी येईल आणि मूळ प्रश्न तसाच राहील. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेच्या मुख्य सभेनं पुण्याचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात रस्त्यानुसार काय करायचं ते सगळं लिहिलेलं आहे. त्याच सुमारास ॲपवर कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या, औंधपासून विद्यापीठापर्यंत जिथे तिथे दिसायला लागल्या, आणि काही वर्षांत गायबही झाल्या. सायकली आणणं सोपं असतं. त्या चालवायला सलग, सुरक्षित रस्ता देणं अवघड असतं, आणि ते राहिलं.

सातारा रस्त्यावर बीआरटीच्या, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गाच्या, वेळी केलेला सायकल ट्रॅक बघा. लाल फरशीवरून जायला लागलात की आधी विजेची पेटी आडवी येते. तिला वळसा घातला की बसथांब्याची मागची बाजू. पुढे दुकानांच्या दुचाक्या, मग एकदम दहा इंचांची पायरी आणि ट्रॅक संपला. रस्त्यावर उतरायला उतार नाही. सायकल उचलून खाली ठेवायची. ज्याच्या कॅरिअरवर पंचवीस किलोचं ओझं आहे तो माणूस दुसऱ्यांदा त्या ट्रॅकवर कशाला चढेल? तो गाड्यांमधूनच जातो, आणि मग लोक म्हणतात की ट्रॅक बांधला तरी सायकलवाले वापरत नाहीत.

आपली ताकद तिथे लावा. दिवा लावून त्या माणसाला पुन्हा त्याच डंपरपुढे पाठवण्यात मला समाधान नाही.

बापदेव_चढण

गिअर_अकरा, ट्रॅकबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातला शब्द न् शब्द पटला. पण आराखडा मंजूर होऊन किती वर्षं गेली ते तुम्हीच मोजून सांगा. तेवढ्या वर्षांत रात्रपाळी काही थांबली नाही. ट्रॅकसाठी भांडत राहू, त्यात मी तुमच्याबरोबर आहे. तोवर अंधारात जाणारा माणूस दिसला तरी पाहिजे.

स्नेहा_६००

मी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, चालवते म्हणून दिव्यांबद्दल थोडं लिहिते. ब्रेव्हेत २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ६०० ला ४० तास मिळतात, म्हणजे मोठ्या अंतरात रात्र टळत नाही. म्हणून अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा सायकलला पक्का बसवलेला हवा, अंगावर चमकणारं जाकीट हवं, असा नियमच आहे. दिवा नसेल तर सुरूच करू देत नाहीत. माझ्या पहिल्या ४०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत खंबाटकी घाटाच्या पुढे मध्यरात्र झाली. मागून येणारे ट्रक लांबूनच बाजू बदलत होते, कारण त्यांना मी दिसत होते. हा फरक मी स्वतः अनुभवलाय, त्यामुळे बापदेव यांच्या बाजूने आहे.

आता कामाचं. रबरी पट्ट्याचे, यूएसबीवर चार्ज होणारे दिवे वाटू नका. वॉचमनच्या खोलीत एक प्लग असतो आणि त्यावर चार जणांचे मोबाइल लागलेले असतात. शिवाय रबरी पट्टा म्हणजे दोन सेकंदांत चोरी. सौरऊर्जेवाले स्वस्त दिवे पावसाळ्यात मान टाकतात. साध्या पेन्सिल सेलचा, स्क्रूने बसणारा दिवा घ्या. आणि दिव्याच्या जोडीला रिफ्लेक्टर हवाच, कारण सेल संपला तरी तो काम करतो. फक्त त्याच्यावर हेडलाइट सरळ पडायला हवा. वाकडा बसवला तर उपयोग नाही.

चौकात गाडी बाजूने येते, तिथे मागचा दिवा दिसत नाही. त्यासाठी आऱ्यांना दोन्ही चाकांत पिवळे रिफ्लेक्टर बांधा. चाक फिरतं तसे ते वरखाली होतात आणि ही सायकल आहे हे ड्रायव्हरला लगेच कळतं.

मुंढव्याहून

इथे पहिल्यांदाच लिहितोय. धागा वाचून राहवलं नाही.

माझे वडील सिक्युरिटीत आहेत. बारा तासांची ड्युटी, रात्री आठ ते सकाळी आठ, आणि ये-जा सायकलवर. वय साठच्या पुढे. त्यांना एका संस्थेनं हेल्मेट दिलं होतं. ते घरी खुंटीवर आहे. का, तर ड्युटीच्या जागी ते ठेवायला कपाट नाही आणि गणवेशाची टोपी घालूनच गेटवर हजर व्हावं लागतं. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण त्यांनी आधी विचारलं असतं तर बाबांनी सांगितलं असतं.

तुम्ही दिवे देणार असाल तर मला आनंद आहे. फक्त बाबांना विचाराल तर ते पहिल्यांदा पंक्चरचं बोलतील. रात्री पंक्चर झाली तर दुकान बंद, सायकल ढकलत जायची, उशीर झाला की खाडा लागतो. दुसरं, सोसायटीत सायकल लावायला जागा देत नाहीत. ज्या इमारतीच्या पार्किंगची ते राखण करतात, तिथेच त्यांची सायकल बाहेर फुटपाथवर, झाडाला साखळीने बांधलेली असते. आधीची एक सायकल अशीच गेली.

आणि एक विनंती. देताना रांगेत उभं करून फोटो काढू नका. बाबांना ते आवडत नाही.

बापदेव_चढण

दादा, लिहिलंत हे फार बरं केलंत. फोटो काढायचे नाहीत, हे आत्ताच ठरलं समजा. सोसायटीत सायकल लावू देण्याचा मुद्दा तर आपल्या सगळ्यांच्या हातातला आहे. आपण प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या सोसायटीत राहतो. माझ्या सोसायटीच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडतो. गेटजवळ आतल्या बाजूला चार सायकलींपुरती पट्टी आणि एक लोखंडी दांडा, एवढीच मागणी. इथल्या प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी हेच करावं.

छर्रे_आणि_ग्रीस

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासून. गिअरच्या सायकलीही करतो आणि साध्याही.

स्नेहाताई म्हणतात तो स्क्रूचा दिवा बरोबर आहे, पण मडगार्डला लावू नका. साध्या सायकलचं मडगार्ड पातळ पत्र्याचं, खड्ड्यात हादरून भोकापासून फाटतं. तो लाल काचेचा तुकडा त्यानेच पडतो. दिवा कॅरिअरच्या मागच्या आडव्या पट्टीला लावा. तिथे भोक पाडायचं, आतून वॉशर, वरून नट, आणि नटावर दुसरा नट आवळायचा म्हणजे हाताने निघत नाही. सामान लादलं तरी दिवा झाकला जात नाही, कारण सामान वर असतं आणि पट्टी खाली. गोणी लोंबणारी असेल तर मात्र झाकेल, त्यांना सीटच्या खालच्या नळीवर लावून द्यावा लागेल.

दिवा बसवायला आलेली प्रत्येक सायकल पाच मिनिटं बघा. ब्रेकचे रबर झिजून लोखंड घासत असतं. पुढच्या चाकाला आऊट असतो, म्हणजे ते वाकडं फिरतं, त्यामुळे ब्रेक एका बाजूला लागतो. या दोन गोष्टी केल्या नाहीत तर नुसत्या दिव्याचा काय उपयोग? मी दर बुधवारी संध्याकाळी दोन तास देतो, मजुरी नको. रबर आणि सेल तेवढे तुम्ही आणा.

पंक्चरचं असं आहे की माझ्यासारखे दुकानवाले रस्त्यात ठिकठिकाणी आहेत. रात्री दहापर्यंत कोण थांबतो, कुठे, याची यादी करून वॉचमन लोकांच्या मोबाइलवर पाठवता येईल. आमच्यातले निम्मे जण दुकानाच्या मागेच राहतात.

कोर्टाची_पायरी

वकिली करते, अपघाताच्या दाव्यांचं काम बघते. या धाग्यावर एक माहिती असावी म्हणून लिहिते.

सायकलवाल्याला मोटारीने उडवलं तर त्याला किंवा त्याच्या घरच्यांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. सायकलला विमा नव्हता, लायसन्स नव्हतं, म्हणून काही मिळणार नाही असं बऱ्याच जणांना सांगितलं जातं. ते साफ खोटं आहे. विमा धडक देणाऱ्या वाहनाचा लागतो. गाडी पळून गेली आणि नंबर मिळालाच नाही, तरीही १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये आहेत. अर्ज ज्या तालुक्यात अपघात झाला तिथल्या प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा. त्यासाठी पोलिसांत नोंद झालेली हवी आणि दवाखान्याचे कागद जपलेले हवेत. परगावच्या मजुराच्या बाबतीत नेमकं हेच राहतं. घरचे मयत घेऊन गावी जातात आणि मागे कोणी पाठपुरावा करत नाही.

जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर पोलिस जबरदस्ती करू शकत नाहीत, आपलं नाव सांगायचं की नाही हेही त्याच्या मर्जीवर असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे कायद्यातच आलंय. रविवारी पहाटे हायवेला असणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवा. तुम्हीच तिथे पहिले पोहोचता.

गोदाकाठ

नाशिकहून. आमच्याकडे सायकलवाल्यांची पंढरपूरची वारी निघते, त्यात कारखान्यातला माणूस आणि डॉक्टर एकाच पंगतीत जेवतात. २०१५ मध्ये आमच्या महाजन बंधूंनी अमेरिका आडवी पार करण्याची 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या गटात पूर्ण केली, तेव्हापासून शहरात सायकलचं वातावरण बदललं. तुमच्याकडे ग्रँड टूरने तसा जोर आला असेल तर तो याच कामाला लावा. जोर ओसरला की माणसं गोळा होत नाहीत.

गिअर_अकरा

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मुंढव्याच्या दादांचं आणि दुकानवाल्या काकांचं लिहिणं पटलं. मी कामाला येतो. पण माझी एक अट आहे.

दिवे लावायला येणाऱ्या प्रत्येक माणसाला एकच प्रश्न विचारायचा: तुमच्या रस्त्यात सगळ्यात भीती कुठे वाटते? उत्तर नकाशावर मांडायचं. आपण चांदणी चौकातल्या रॅम्पवर कुठून कुठे जायचं यावर तासन् तास बोलतो, कारण आपण तिथून ताम्हिणीकडे जातो. यांच्या भीतीच्या जागा वेगळ्या असणार. कुठे दुभाजक फोडून केलेला रस्ता, कुठे चुकीच्या बाजूने यायला लावणारं वळण, कुठे विजेचे खांब असून दिवे बंद. महिन्याभरात अशा जागांची यादी हातात असेल. मग त्यातली एकच जागा घ्यायची, सगळ्या क्लबांच्या सह्यांनी निवेदन द्यायचं आणि ती जागा नीट होईपर्यंत सोडायची नाही.

आणि रेसच्या नव्या रस्त्यांबद्दलही थोडं. रेसला गतिरोधक नको असतो, पण शाळेसमोर आणि गावाच्या वेशीवर तो लागतोच. नवा डांबरी रस्ता झाला की गाड्यांचा वेग वाढतो आणि त्याच रस्त्यावरून दूधवाला सायकलने जातो. त्या गावांतली पोरंही आपल्या यादीत हवीत.

स्नेहा_६००

गिअर_अकरा, प्रश्न फार चांगला आहे. बायकांना वेगळं विचारा. स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला जाणाऱ्या मावशी आता सायकलवर कमी दिसतात, पण आहेत. त्यांना गाड्यांच्या भीतीइतकीच दुसरी भीती असते. कुठल्या गल्लीत अंधार आहे, कुठे टोळकं उभं असतं, हे पुरुषाला त्या सांगणार नाहीत. बुधवारी मी येते, आणखी दोघीजणी बरोबर आणते.

मेट्रोत सायकल नेता येते हेही त्यांना सांगायला हवं. लांबून कामाला येणारीला अर्धा रस्ता त्याने वाचेल.

बापदेव_चढण

मग आत्तापुरतं असं: पहिला बुधवार, छर्रे_आणि_ग्रीस काकांच्या दुकानासमोर, संध्याकाळी सहा ते आठ, म्हणजे रात्रपाळीला जाताना थांबता येईल. दिवे आणि रिफ्लेक्टर आपल्या ग्रुपच्या वर्गणीतून, ब्रेकचे रबर मी आणतो. नकाशा गिअर_अकरा सांभाळतील. कायद्याची माहिती साध्या मराठीत आणि हिंदीत एका पानावर कोर्टाची_पायरी लिहून देतील का? साइटवरचे बरेचसे लोक बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे आहेत.

कोर्टाची_पायरी

रविवारपर्यंत देते. पोलिसांत नोंद करताना काय काय सांगायचं, तेही त्यात घालते.

मुंढव्याहून

बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते येतो म्हणाले, पण सहाला नाही, साडेसहाला, आधी जेवण करून निघतात. त्यांच्याबरोबरचे तिघे-चौघेही येतील. आणि त्यांनी सांगितलंय की घंट्या आणा. दिवा मागच्यासाठी झाला, पण पुढून मोबाइल बघत येणाऱ्या माणसाला हाक मारून मारून घसा बसतो.

छर्रे_आणि_ग्रीस

घंट्या माझ्याकडे पडून आहेत, जुन्या, पितळी. स्प्रिंग बदलली की वाजतील. दादा, बाबांच्या सायकलचं हँडल सरळ दांड्याचं आहे की खाली वाकलेलं, तेवढं कळवा. क्लॅम्प त्याप्रमाणे काढून ठेवतो.